डोंगरदऱ्यांत लहान विमान : परतीची वाट कुठे बंद होते

डोंगराळ प्रदेशावरून जाणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानाचा खालच्या शिखरांशी फारसा संबंध येत नाही. त्याची जेट इंजिने ताकदवान असतात, आतल्या हवेचा दाब राखलेला असतो आणि तीस-पस्तीस हजार फुटांवरून ते एव्हरेस्टच्याही वरून निघून जाते. एका इंजिनाच्या, चार आसनांच्या विमानाला ही सोय नसते. ते जेमतेम बारा-चौदा हजार फूट गाठते, त्यामुळे उंच पर्वतरांगांच्या प्रदेशात त्याला शिखरांच्या मधून, दऱ्याखिंडींच्या वाटेने जावे लागते. अशा विमानाचा अपघात झाला की ‘खराब हवामान’ किंवा ‘वैमानिकाची चूक’ असे दोन शब्दांत कारण सांगितले जाते. ते खोटे नसले तरी त्यातून काही समजत नाही. समजून घ्यायचे आहे ते असे, की विमान नेमके कुठपर्यंत मागे वळू शकत होते, आणि ती जागा मागे पडल्याचे आत बसलेल्या अनुभवी माणसालाही का जाणवले नाही. डोंगरातले बहुतेक धोके या एका प्रश्नापाशी येऊन मिळतात.

सुरुवात हवेपासून करावी लागते. पंख विमानाला उचलतात ते हवेच्या आधाराने, प्रॉपेलर पुढे ओढतो तो हवा मागे ढकलून, आणि पिस्टन इंजिन इंधन जाळते ते हवेतल्या प्राणवायूवर. उंचीबरोबर हवा विरळ होत जाते, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकदमच दुबळ्या होतात. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान धरून आणि दर हजार फुटांमागे ते सुमारे २ अंशांनी उतरते असे मानून हवेचे एक प्रमाण ठरवलेले आहे. विमानाची क्षमता मोजताना तेच आधाराला घेतात. या हिशेबाने ६,००० फुटांवरच्या धावपट्टीवर ३ अंश तापमान असायला हवे. उन्हाळ्यातल्या दुपारी तिथे ३० अंश असेल, तर हवा प्रसरण पावून आणखी विरळ झालेली असते. वैमानिकांचा आडाखा असा, की प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशामागे १२० फूट मिळवायचे. इथे २७ अंशांचे ३,२४० फूट होतात. म्हणजे नकाशावर ६,००० फुटांवर असलेली ही धावपट्टी विमानाच्या लेखी ९,२४० फुटांवर जाते. या हिशेबी उंचीला ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणतात. इतक्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश उरते.

टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे उपकरण) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे या धावपट्टीवर ती एक चतुर्थांशाहून अधिक कमी झालेली असते. त्याच वेळी विरळ हवेत पंखांना तेवढाच आधार मिळण्यासाठी विमानाला सुमारे १५ टक्के जास्त खरा वेग लागतो. ताकद कमी आणि गाठायचा वेग जास्त, त्यामुळे जमीन सोडण्याआधीची धाव खूपच लांबते. यातली फसवी गोष्ट अशी, की वेगदर्शक यंत्रही हवेच्या दाबावरच चालत असल्याने ते नेहमीचाच आकडा दाखवते. वैमानिकाला यंत्रांवर काहीच वावगे दिसत नाही. दिसते ते फक्त धावपट्टीचे टोक लवकर जवळ येताना. सखल भागात शिकलेला माणूस तीन प्रवासी आणि भरलेल्या टाकीसह इथून निघतो, तेव्हा विमान कसेबसे जमीन सोडते आणि पुढे चढेनासे होते.

हे न चढणे किती घातक असते, ते एका साध्या गणिताने कळते. समुद्रसपाटीला मिनिटाला ७०० फूट चढणारे विमान नऊ-दहा हजार फुटांवर मिनिटाला अडीचशे फूट चढत असेल, तर ती काही बिघाडाची खूण नाही. (माहितीपत्रकात दिलेली ‘सर्व्हिस सीलिंग’ ही कमाल उंची म्हणजे विमान मिनिटाला फक्त १०० फूट चढू शकते ती उंची, तिथे आरामात उडता येते असा तिचा अर्थ घेऊ नये.) आता हे विमान ताशी १८५ किलोमीटर वेगाने, तळापासून ३०० मीटर वरून, एका दरीत शिरले असे समजू. मिनिटाला अडीचशे फूट म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २५ मीटर चढ. दरीचा तळ मात्र दर किलोमीटरला ५० मीटर वर येत आहे. वीसास एक असा हा उतार वरून पाहणाऱ्याला जवळजवळ सपाट वाटतो. पण प्रत्येक किलोमीटरला विमान जमिनीच्या २५ मीटर जवळ येते आणि बाराव्या किलोमीटरला, म्हणजे चार मिनिटांच्या आत, अंतर संपते. या सगळ्या वेळात विमान चढतच असते, उंचीदर्शकाचा काटा वरच जात असतो. यंत्रांकडे पाहणाऱ्याला सर्व सुरळीत वाटावे आणि जमिनीने त्याला गाठावे, अशी ही परिस्थिती आहे.

२ ऑक्टोबर १९७० रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात हेच घडले. विचिटा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ दोन विमानांतून युटा राज्यातल्या लोगनला सामन्यासाठी निघाला होता. डेन्व्हरला इंधन घेतल्यावर एक विमान नेहमीच्या मार्गाने उत्तरेकडून गेले आणि सुखरूप पोहोचले. दुसरे, दोन इंजिनांचे मार्टिन ४०४, प्रवाशांना डोंगरांचे दृश्य दिसावे म्हणून क्लिअर क्रीकच्या दरीतून लव्हलँड खिंडीच्या दिशेने गेले. ही खिंड जवळजवळ १२,००० फुटांवर आहे. दरी अरुंद होत गेली, तळ वर येत गेला, आणि अखेरीस समोरचा डोंगर ओलांडताही येईना व वळताही येईना अशा जागी विमान आले. ४० पैकी ३१ जणांचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जे कारण नोंदवले ते जवळपास याच शब्दांत आहे: समोरचा अडथळा ओलांडता येणार नाही आणि मागेही फिरता येणार नाही अशा उंचीवरून दरीतून उड्डाण केले गेले. जादा वजन, या मार्गाचे नियोजनच केलेले नसणे आणि विमानाच्या क्षमतेची कर्मचाऱ्यांना नीट समज नसणे, हे घटकही मंडळाने नोंदवले. विमान लहान नव्हते, पण डोंगरातल्या लहान विमानांचे कित्येक अपघात याच क्रमाने होतात, म्हणून हे उदाहरण प्रत्येक शिकाऊ वैमानिकाने वाचावे असे मला वाटते.

मागे वळण्याला जागा किती लागते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. विमान जागच्या जागी वळत नाही. एका बाजूला कलून ते मोठे वर्तुळ काढते. त्या वर्तुळाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग थोडा वाढला तरी जागा बरीच जास्त लागते. यंत्रावर ९० नॉट (ताशी सुमारे १६७ किलोमीटर) दाखवणारे विमान समुद्रसपाटीला ३० अंश कलून वळले तर उलट फिरायला सुमारे ७६० मीटर रुंदी लागते. वर हिशेब केला त्या विरळ हवेत यंत्र ९० नॉटच दाखवते, पण खरा वेग १०३ नॉटच्या आसपास असतो आणि रुंदी सुमारे १,००० मीटर लागते. वारा पलीकडच्या कड्याकडे ढकलत असेल तर ती याहूनही वाढते. मग जागा वाचवण्यासाठी जास्त कलावे, हा विचार साहजिक आहे, आणि ४५ अंश कलल्यास तीच रुंदी सहाशे मीटरच्या आत येतेही. पण कललेल्या विमानाच्या पंखांवर जास्त भार येतो. पंखांवरचा हवेचा आधार तुटून विमान कोसळू लागते त्या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. ज्या वेगाला हे घडते तो वेग ४५ अंशांच्या वळणात १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांच्या वळणात ४१ टक्क्यांनी वाढतो. समोर कडा पाहून घाबरलेला माणूस एकाच वेळी नाक वर खेचतो आणि जास्त कलतो, म्हणजे वेग घटवतो आणि आवश्यक वेग वाढवतो. असे विमान कड्यावर न आदळता दरीतच गिरक्या घेत पडते.

म्हणून डोंगरात उडवायला शिकवताना दरीच्या मधोमध जाऊ नये, एका बाजूला धरून जावे, असे सांगतात. मधून गेल्यास दोन्हीकडे निम्मीच रुंदी उरते. कडेने गेल्यास वळायला पूर्ण दरी मिळते. शक्य असेल तिथे दरी वरच्या टोकाकडून खाली उतरत पार करावी. वर चढत जायचेच असेल तर खिंडीची उंची आधी गाठून मगच तिकडे वळावे, दरीत चढत-चढत उंची मिळवू नये.

आतापर्यंत वारा शांत आहे असे धरले. प्रत्यक्षात डोंगरावर वारा शांत असणे हाच अपवाद. वारा डोंगररांगेवर आडवा आदळतो तेव्हा वाऱ्याकडच्या उतारावर तो वर चढतो आणि पलीकडच्या उतारावर खाली कोसळतो. कोसळणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला १,००० फूट किंवा त्याहून जास्त असू शकतो. मिनिटाला अडीचशे फूट चढणाऱ्या विमानाने पूर्ण ताकद लावली तरी ते मिनिटाला साडेसातशे फूट खालीच जाणार. खिंडीसारख्या चिंचोळ्या जागेतून जाताना वारा आणखी वेग घेतो, म्हणजे नेमके जिथून पलीकडे जायचे तिथेच तो सर्वांत वाईट असतो.

स्टीव्ह फॉसेट हे एकट्याने न थांबता फुग्यातून आणि नंतर विमानातूनही पृथ्वीप्रदक्षिणा केलेले वैमानिक होते. ३ सप्टेंबर २००७ रोजी ते नेवाडातून दोन आसनी विमान घेऊन निघाले आणि परतले नाहीत. वर्षाहून अधिक काळानंतर, ऑक्टोबर २००८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात सुमारे १०,००० फुटांवर अवशेष सापडले. विमानाच्या चढण्याच्या क्षमतेपेक्षा जोरदार अशा खाली येणाऱ्या वाऱ्यात ते अनवधानाने सापडले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. जास्त डेन्सिटी अल्टिट्यूड आणि डोंगराळ भूभाग यांनी त्यात भर घातली. अनुभवाने माणसाला धोका लवकर ओळखता येतो, पण इंजिनाची ताकद वाढत नाही.

खाली येणाऱ्या हवेत सापडल्यावर करायची गोष्ट मनाच्या ओढीच्या अगदी उलट आहे. नाक वर खेचून तिथेच झुंजत राहिले तर वेग जातो आणि विमान त्या प्रवाहात जास्त वेळ राहते. वेग राखून, प्रसंगी नाक थोडे खाली घेऊन, जिकडे जमीन खोल जाते तिकडे वळून बाहेर पडावे लागते. हे शक्य व्हावे यासाठी डोंगराच्या माथ्याकडे सरळ समोरून न जाता ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत जाण्याची पद्धत आहे. हवा दाबू लागली तर अर्धे वळण न घेता पाव वळणातच विमान डोंगराकडे पाठ करू शकते. माथा ओलांडताना निदान १,००० फूट, आणि वारा असेल तर २,००० फूट अंतर ठेवावे, आणि माथ्यावर २० ते २५ नॉटहून जास्त वारा असेल तर लहान विमानाने तिकडे जाऊच नये, हे प्रचलित आडाखे आहेत. मला ते कमीत कमी वाटतात. नवख्याने त्यांवरही थोडे राखून ठेवावे.

याहून मोठा प्रकार पर्वतीय लहरींचा. हवेचे थर स्थिर असतील आणि जोरदार वारा डोंगररांगेवर काटकोनात येत असेल, तर नदीच्या पात्रातल्या खडकापलीकडे पाणी उठत-बसत जावे तशी हवा रांगेच्या पलीकडे कित्येक किलोमीटरपर्यंत वरखाली होत राहते. या लहरींत किती जोर असतो याचा सुखद पुरावा म्हणजे ‘पर्लन २’ हे इंजिन नसलेले ग्लायडर. सप्टेंबर २०१८ मध्ये अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या लहरींवर ते ७६,००० फुटांहून उंच गेले. दुःखद पुरावेही आहेत. ५ मार्च १९६६ रोजी जपानमध्ये फुजी पर्वताजवळ बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे बोइंग ७०७ अशाच लहरींमुळे उठलेल्या खळबळीत हवेतच मोडले आणि १२४ जण मरण पावले. इतक्या मोठ्या विमानाची ही गत होते, तिथे एक टन वजनाच्या विमानाचे काय होईल ते वेगळे सांगायला नको. लहरींच्या खालच्या बाजूला ‘रोटर’ नावाचे हवेचे गोल फिरणारे भोवरे तयार होतात आणि तिथली खळबळ सर्वांत हिंसक असते. हवेत ओलावा असेल तर लहरींच्या माथ्यांवर भिंगाच्या आकाराचे गुळगुळीत, एकाच जागी स्थिर दिसणारे ढग येतात. ढग हलत नसले तरी त्यांच्यामधून वारा प्रचंड वेगाने वाहत असतो. हवा कोरडी असेल तर हे ढगही नसतात आणि स्वच्छ निळ्या आकाशात काहीच इशारा मिळत नाही.

दिवस चढतो तसा डोंगर बदलतो. उन्हाने उतार तापतात, हवा त्यांच्यावरून वर सरकते, दऱ्यांतून वारे सुटतात आणि दुपारी माथ्यांवर गडगडाटी ढग जमतात. नेपाळमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यात उशिरा सकाळनंतर इतका जोरदार वारा सुटतो, की जोमसोमची उड्डाणे पहाटे-सकाळीच उरकून घेतात. भल्या सकाळी निघून दुपारच्या आत उतरावे हा नियम अनेक पर्वतांत पाळला जातो. थंड सकाळी हवा दाटही असते, म्हणून त्याचा दुहेरी फायदा मिळतो.

ढगांचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. सखल प्रदेशात ढगात शिरलेल्या विमानाला यंत्रांच्या आधारे सरळ उडत राहता येते. डोंगरात त्याच ढगात कडा असतो. वैमानिक सहसा मुद्दाम ढगात शिरत नाही. खिंडीपलीकडे उजेड दिसतो, ढगांचा तळ थोडा खाली आलेला असतो, वैमानिक विमान आणखी थोडे खाली उतरवतो, आणि मागच्या खिंडीत ढग भरतात तेव्हा पुढेही जाता येत नाही. थंडी पडल्यावर उंचीदर्शकही फसवतो. तो हवेच्या दाबावरून उंची काढतो आणि गार हवा आकसलेली असते, त्यामुळे यंत्र दाखवते त्यापेक्षा विमान प्रत्यक्षात खाली असते. हवा प्रमाणापेक्षा २० अंशांनी गार असेल तर हवेचा दाब कळवणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रापासून ५,००० फूट वर दाखवणारे विमान ढोबळमानाने ४०० फूट खाली असते.

डोळेही साथ सोडतात. सपाट प्रदेशात क्षितिज पाहून नाक किती वर आहे ते कळते. दरीत क्षितिज नसते, समोर चढत जाणारा उतार असतो, आणि मन त्यालाच आडवी रेषा समजून विमान नकळत त्याच्याशी समांतर करते. नाक वर जाते आणि वेग घटत जातो. बर्फाच्छादित उतारावर ढगाळ उजेडात सावल्या पुसल्या जातात, तेव्हा जमीन शंभर मीटरवर आहे की हजार, हेच ओळखू येत नाही. उंचीवर प्राणवायूही कमी पडतो, आणि त्याचे पहिले लक्षण धाप लागणे हे नसून बऱ्याचदा सगळे छान चालल्याची भावना हे असते. अमेरिकेच्या नियमांनुसार १२,५०० फुटांवर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आणि १४,००० फुटांवर पूर्ण वेळ वैमानिकाने प्राणवायू घेणे बंधनकारक आहे. पण विचारशक्तीवर परिणाम त्याहून खालीही सुरू होतो, आणि रात्रीची दृष्टी तर ५,००० फुटांपासूनच मंदावू लागते. नेमका निर्णय घ्यायच्या वेळी निर्णय घेणारे यंत्रच ढिले पडते.

उतरताना हे सगळे पुन्हा एकदा समोर येते. नेपाळमधल्या लुकला येथील धावपट्टी २,८४५ मीटर उंचीवर आहे, लांबी ५२७ मीटर आणि चढ जवळजवळ १२ टक्के. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. विमाने चढाच्या दिशेने उतरतात आणि उताराच्या दिशेने झेपावतात, वारा कोणत्याही बाजूचा असो. एका ठरावीक टप्प्यानंतर उतरणे रद्द करून पुन्हा वर जाता येत नाही, कारण समोर डोंगर आहे. चढती धावपट्टी पाहताना आपण फार उंचावर आहोत असा भास होतो आणि वैमानिक गरजेपेक्षा खाली येतो. फ्रान्समधल्या कुर्शेव्हेलची ५३७ मीटरची धावपट्टी तर १८ टक्क्यांहून जास्त चढाची आहे आणि तिथे उतरण्यासाठी खास पात्रता लागते. अशी सक्ती अधिक ठिकाणी असावी, असे माझे ठाम मत आहे, कारण साधा परवाना मिळवताना यांतले फारच थोडे शिकवले जाते.

४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये पिझ सेग्नास शिखराजवळ जुने तीन इंजिनांचे युंकर्स यू-५२ कोसळून त्यातले सर्व २० जण गेले. दोन्ही वैमानिक हवाई दलात आणि विमान कंपन्यांत आयुष्य घालवलेले होते. दरीत ते कमी उंचीवरून, परिस्थितीच्या मानाने घातक इतक्या कमी वेगाने आणि दुसरी वाट न ठेवता शिरले, आणि खळबळीच्या हवेत विमानावरचा ताबा सुटला, असे चौकशीत निष्पन्न झाले. ओळखीच्या डोंगरात दर वेळी थोडे जवळून गेले आणि काही झाले नाही, की तेच अंतर नेहमीचे वाटू लागते. सवयीच्या या सरकत जाण्याला आवर घालायचा तर वळण्याची जागा निघण्याआधी, जमिनीवर असतानाच ठरवावी लागते: अमुक ठिकाणी पोहोचेपर्यंत अमुक उंची नसेल, किंवा खिंडीपलीकडची जमीन दिसत नसेल, तर चर्चा न करता फिरायचे. खिंडीपलीकडचा मुलूख थोडा-थोडा जास्त दिसत गेला तर आपण तिच्या वर आहोत, आणि आधी दिसत असलेला मुलूख लपत गेला तर खाली, ही डोळ्यांनी करायची खूणही त्या निर्णयाला मदत करते.

निघण्यापूर्वी मार्ग कोणाला तरी कळवणे हे त्याच तयारीचा भाग आहे. डोंगराआड रेडिओ पोहोचत नाही आणि झाडीत पडलेले विमान वरून दिसत नाही. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी हेल बॉग्ज आणि निक बेगिच या अमेरिकी संसदेतल्या लोकप्रतिनिधींना घेऊन अलास्कात अँकरेजहून जुनोला निघालेले सेस्ना ३१० नाहीसे झाले. ३९ दिवस शोध चालला, तरी त्याचा मागमूस आजवर लागलेला नाही. अपघातानंतर आपोआप संदेश पाठवणारे उपकरण आज उपलब्ध आहे, पण उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या संदेशांकडे लक्ष देत नाहीत, फक्त ४०६ मेगाहर्ट्झचे ऐकतात. धडकेत अँटेना तुटला तर तोही संदेश जात नाही. म्हणून वैमानिकाने खिशात ठेवता येणारे स्वतंत्र उपकरण बाळगावे आणि उबदार कपडे मागच्या सामानात न ठेवता अंगावर घालूनच निघावे.